आडवी धरलेली खंजेरी

माझ्या थोरल्या भावाच्या डाव्या कानात तीन वर्षांपासून एक शिटी वाजते आहे. ती माझ्यामुळे लागली. हे मी घरात कोणाला सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही.

भाऊ नाचणगावला शिवणकाम करतो. घराच्या पुढच्या खोलीतच दुकान आहे. मी वर्ध्याला कचेरीत कारकून आहे, राहतो सिंदी मेघेला. आमच्या भजन मंडळात तो खंजेरी वाजवायचा आणि पुढे गायचा. माझा गळा कधी सुरात लागला नाही, म्हणून मंडळाचं मशीन, म्हणजे माईक आणि भोंग्यांचा आवाज सांभाळायचं काम माझ्याकडे आलं. आमची खूण ठरलेली होती. भजन चालू असताना गाणाऱ्यानं मशीनवाल्याशी बोलायचं नाही. त्यानं खंजेरी वर उचलली की आवाज वाढवायचा, आडवी करून जमिनीकडे दाबली की कमी करायचा. वीस वर्षं आमचं असंच चाललं.

त्या दिवशी देवळी तालुक्यातल्या एका गावी भजनांची स्पर्धा होती. आमच्या मंडळाची पाळी यायला अर्धा तास असेल. चहा पिता पिता भाऊ सगळ्यांसमोर म्हणाला, "आमच्या लहान्याले सूर काही जमला नाई. आज निदान बटन तरी नीट फिरवजो, बाप्पा." सगळे हसले. मीही हसलो. तो असं नेहमीच बोलायचा आणि मी नेहमीच हसायचो. पण त्या दिवशी ते मला लागलं. का लागलं, ते आजही सांगता येत नाही.

दुसऱ्या कडव्याला भावानं खंजेरी आडवी केली. त्याच्या डाव्या हाताला स्टुलावर एक भोंगा ठेवला होता, अगदी कानाशी. तो घुमू लागला होता. मी खूण पाहिली आणि बटन वर नेलं. कर्कश शिटी उठली. समोरच्या बायांनी कान झाकले. भावानं मात्र भजन सोडलं नाही, कारण स्पर्धेत मध्येच थांबलं की मंडळ बाद होतं. त्यानं खंजेरी पुन्हा दाबली. मग आवाज उतरला.

खाली उतरल्यावर तो डोकं झटकत होता, कानात पाणी गेल्यासारखा. त्या दिवशीचं मशीन भाड्याचं, पुलगावच्या एका मंडपवाल्याचं होतं. आमचा पेटीवाला त्याच्यावर ओरडला, "काऊन आणता बे असं भंगार?" बाकीचेही बोलले. मंडपवाला वायरी हलवून पाहत राहिला. मी त्याच्या शेजारी उभा होतो, आणि मी काही बोललो नाही.

शिटी दुसऱ्या दिवशी थांबेल, आठ दिवसांनी थांबेल, असं करत करत भावानं गाणं सोडलं. तो म्हणायचा, "मी सूर लावतो अन् त्याच्या वर हा दुसराच सूर बसून राह्यते." शिवणयंत्र चालू असलं की त्याला बरं वाटायचं. पाय थांबला की तोंड आवळलं जायचं. वहिनी कोणी आलं की हळू बोला अशी खूण करायची. त्या घरात भांडं पडलं तरी सगळे आधी त्याच्याकडे पाहायचे. मला दर वेळी स्पर्धेचा दिवस आठवायचा.

शेवटी यंदा मीच त्याला वर्ध्याला कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी त्याला जाड दाराच्या लहानशा खोलीत बसवून एकेक सूर ऐकवला आणि कानातल्या आवाजाशी जुळला की सांगा म्हणाल्या. बाकीच्यांना याला फार वेळ लागतो म्हणे. भाऊ लगेच म्हणाला, "हाच. पेटीच्या शेवटच्या पट्टीच्या वर आहे, म्हणून तुम्हाले पेटीवर दाखवता नाई येत." बाई हसल्या. मला हसता आलं नाही.

त्यांनी संगीताचा उपचार सुचवला. हलकं, शब्द नसलेलं वादन रोज काही तास लावायचं, लहानशा स्पीकरवर. आवाज शिटीच्या थोडा खालीच ठेवायचा, शिटी झाकायची नाही. आणि ते ऐकत बसायचं नाही, आपलं काम करत राहायचं. "शिटी जाईलच असं मी म्हणत नाही," त्या म्हणाल्या. "पण हळूहळू तुमचं मन तिची दखल घेणं सोडेल. दखल घेणं, हाच खरा त्रास आहे."

मी एका मेमरी कार्डात बासरी आणि सतार भरून दिली. आवाज लावायचं काम साहजिकच माझ्याकडे आलं. दर शनिवारी-रविवारी मी नाचणगावला जायचो, बाकीच्या दिवशी वहिनी लावायची. पण भजनातल्या माणसाला वादन लावून "ऐकू नका" म्हणणं म्हणजे जेवणाऱ्यापुढे ताट ठेवून वास घेऊ नका म्हणण्यासारखं. भाऊ कापड बेतता बेतता पायानं ताल धरायचा. "हा बासरीवाला समेवर येतच नाई. कोण शिकोलं याले?" चिडला की शिटी वाढायची. दोन आठवडे असे गेल्यावर तो म्हणाला, "हे सोड. आपल्या मंडळाचं लाव न. भजनापेक्षा मोठं औषध कोणतं आहे?"

बाईंनी शब्द नकोत म्हणून बजावलं होतं. पण त्यानं माझ्याकडे काही मागितलं, एवढ्यानंच मी विरघळलो. शिवाय मलाही तेच वाटत होतं. पेटीवाल्याकडे मंडळाच्या जुन्या सगळ्या भजनांचं एक कार्ड होतं. त्यात काय काय आहे हे न पाहता मी ते घेऊन आलो.

शनिवारची दुपार होती. भाऊ टेबलावर सदऱ्याचं कापड पसरून कात्री चालवत होता. वहिनी उंबऱ्याशी बसून बटणं लावत होती. तीन-चार भजनं झाली. भाऊ गुणगुणू लागला, इतक्या दिवसांनी पहिल्यांदा. वहिनीनं माझ्याकडे पाहिलं, तिचे डोळे भरले होते. आणि मग पाचवं भजन सुरू झालं, त्याआधी स्पीकरमधून गर्दीचा आवाज आला आणि कोणीतरी स्पर्धेतला आमच्या मंडळाचा नंबर पुकारला.

मी ओळखलं. पहिलं कडवं चालू झालं. दुसऱ्या कडव्याला ती शिटी येणार होती. ती त्याच्या कानाजवळ पुन्हा वाजू देणं शक्यच नव्हतं. पण बंद केलं, तर तो का म्हणून विचारणार. कार्ड खराब आहे, असं सांगता आलं असतं. तेही माझ्या ओठांवर आलं होतं. धृपद परत आलं. माझी बोटं स्पीकरच्या बटनावर होती.

मी बंद केलं.

"काऊन बंद केलं बे? रंगून राह्यलं होतं."

"दादा, हे त्या दिवशीचं आहे."

"तं? मी घाबरतो का त्याले? मशीनच भंगार होतं ते."

"मशीन चांगलं होतं," मी म्हणालो. "तू खंजेरी आडवी केली होती. मी पाह्यलं होतं. मी वर नेलं."

कात्री थांबली. शिवणयंत्र बंद, स्पीकर बंद, पंखा लाईट गेल्यानं बंद. त्या शांततेत मला काहीच ऐकू येत नव्हतं. त्याला येत होतं.

"चुकून?"

"नाई."

"काऊन?"

"तू चहावर बोलला होता. सगळ्याईसमोर."

त्यानं आठवायचा प्रयत्न केला. त्याला आठवेना, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. माझ्या त्या दिवशीच्या रागाचं कारण त्याच्या लक्षातही नव्हतं. वहिनी म्हणाली, "त्या मंडपवाल्याले किती बोललो आपण, माय!" आणि हातातलं बटण तिनं तसंच मुठीत धरलं.

मी एवढंच सांगितलं. बटन वर नेल्यावर मी ते लगेच खाली ओढलं असणार, असं त्या दोघांना वाटलं, आणि मी ते वाटू दिलं. कबुली देतानाही माणूस स्वतःसाठी थोडं राखून ठेवतो, हे मला तेव्हा कळलं.

भावानं माझ्या हातातून स्पीकर घेतला. "आता आवाज मी लावीन," तो म्हणाला. "तू आधी त्या मंडपवाल्याकडे जाय. माझं मंग पाहू."

मी तसाच पुलगावला गेलो. मंडपवाला दारात खुर्च्या मोजत होता. मी सगळं सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "भाऊ, त्या दिवसानंतर माझाच भरोसा गेला त्या मशीनवरून. इकून टाकलं मी ते." मग तो पुन्हा खुर्च्यांकडे वळला. मी माफी मागितली. त्यानं ती घेतली की नाही, ते कळलं नाही.

पुढचे दोन महिने भाऊ माझ्याशी बोलला नाही. वहिनीकडून कळायचं की कार्डावर पुन्हा बासरी आली आहे, अगदी बारीक आवाजात. तो ताल धरत नाही असं नाही, पण कमी धरतो. एकदा दुपारी तो यंत्र बंद असताना झोपला, हे सांगायला तिनं मुद्दाम फोन केला.

डॉक्टरीणबाईंकडच्या पुढच्या तपासणीचा निरोप तिनंच दिला. मी रजा टाकली. दवाखान्यातल्या बाकावर भाऊ आधीच बसला होता. त्यानं मला उजव्या बाजूला बसायची खूण केली, चांगल्या कानाकडे. आम्ही समोरच्या भिंतीकडे पाहत बसलो.

मग माझ्याकडे न पाहता त्यानं विचारलं, "किती वेळ?"

मला कळलं तो काय विचारतो आहे. दोन महिने त्यानं ते भजन मनात वाजवून पाहिलं असणार. दुसरं कडवं कुठे सुरू झालं, शिटी कुठे उठली, कुठे थांबली, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक?

"तुझं कडवं संपेपर्यंत," मी म्हणालो. "हात बटनावरच होता. मी पाहत होतो."

त्यानं मान हलवली, हिशेब जुळल्यासारखी. आतून त्याचा नंबर पुकारला. मी उठू लागलो तसा त्यानं हात आडवा धरला, खाली दाबला. मी बसलो. तो एकटाच आत गेला.