बिनभरवशाची फाइलसिस्टीम

हार्ड डिस्कवर फाइली कशा ठेवायच्या, हे ठरवते ती फाइलसिस्टीम. माझ्या लॅपटॉपवर मी मुद्दाम अजून प्रयोगात असलेली टाकली होती, कारण तासाभराचं काम ती चहा होईपर्यंत उरकायची. वर्षात ती दोनदा कोसळली आणि डिस्क वाचता येईना. बुधवार पेठेतले माझे नेहमीचे कॉम्प्युटरचे दुकानदार म्हणाले, "अहो मॅडम, प्रयोगच करायचेत तर उंदरांवर करा."

मी तिसऱ्यांदाही तीच टाकली. माझा लॅपटॉप, माझी मर्जी!

पुढे त्यांच्याच दुकानातल्या कॉम्प्युटरची डिस्क मेली. फाइलसिस्टीम जुनी, अगदी भरवशाची.

"दुसरी कॉपी असेलच की," मी म्हटलं.

"कधी गरजच वाटली नाही हो."

मला ती रोज वाटायची. म्हणूनच दोनदा आपटूनही माझी एकही फाइल गेली नाही.