लोकांच्या दाढा आणि माझं एक वर्ष

वरवट बकालच्या चौकात माझा फ्लेक्स लागला, तेव्हा मी अॅडमिशन घेतलीच नव्हती. घ्यायची की नाही हेही ठरलं नव्हतं. पण काकाला कोण सांगणार! बाबांचा हा धाकटा भाऊ. गावात कोणाचा वाढदिवस असो की नेमणूक, फ्लेक्स लावायची त्याला भारी हौस. मला दातांच्या कॉलेजात जागा मिळाल्याचं मोबाइलवर दिसलं आणि दुसऱ्या दिवशी मी चौकात टांगलेली. अंगावर कुठून तरी चिकटवलेला पांढरा कोट, गळ्यात स्टेथोस्कोप. दातांच्या डॉक्टरला स्टेथोस्कोप कशाला लागतो, देव जाणे! खाली शुभेच्छुकांचे फोटो, त्यात काकाचा माझ्याहून मोठा.

मला व्हायचं होतं जनावरांची डॉक्टर. मी अकरावीत असताना आमची गाय अडली होती. तालुक्याहून एक डॉक्टरीन बाई आली. तिनं गायीच्या कुशीला स्टेथोस्कोप लावला, मग खांद्यापर्यंत हात आत घालून वासराचा दुमडलेला पाय सरळ केला आणि जिवंत कालवड बाहेर ओढली. हात धुतले, चहा प्याली आणि गेली. त्या दिवसापासून माझ्या डोक्यात दुसरं काही शिरलंच नाही. पण जनावरांच्या कॉलेजच्या यादीत माझं नाव थोडक्यात हुकलं, आणि असू दे म्हणून जिकडे अर्ज करून ठेवला होता, ते दातांचं कॉलेज गळ्यात पडलं.

सगळ्यात जास्त चीड कशाची आली? माझं काही हुकलं आहे हेच कोणाला पटेना. आई पेढे वाटून मोकळी झाली. "पदरी पडलं अन् पवित्र झालं," म्हणे. शाळेत क्लार्क असलेले माझे बाबा म्हणाले, "ढोरायचं शेण काढ्याले शिका कशाले लागते? ते तं घरीच हाय. दाताचं काम इज्जतीचं हाय."

त्यात शेजारची काकू. मी अंगणात भांडी घासत होते, तर ही समोर येऊन 'आ' वासून उभी.

"पाय बरं व माय, मागची दाढ. लय ठणकून राह्यली."

"काकू, मी कॉलेजात गेलीच नाही अजून!"

"जाशीन तं खरी. पाय नं."

पाहिलं. काय करता! मिसरीनं पार काळ्या पडलेल्या दाढा. हेच का आता जन्मभर?

संध्याकाळी मी घरात सांगून टाकलं, "मी ड्रॉप घेते. पुढच्या वर्षी पुन्हा परीक्षा देते."

आईनं कपाळावर हात मारून घेतला. "बाप्पा! एक साल घरी बसली तं लोकं तुह्या लग्नाचं इचारतीन."

आता याला काय म्हणावं? मागच्या गल्लीतल्या पोरानं दोनदा ड्रॉप घेतला, तर तो 'तयारी करून राह्यला'. मी एकदा नाव काढलं, तर मी 'घरी बसली'. माझं डोकंच फिरलं.

अॅडमिशनचा शेवटचा दिवस उजाडला. बाबांनी मोटरसायकल बाहेर काढली, फाइल काखेत धरली. मी गोठ्यात कालवडीजवळ बसले होते.

"चाल नं."

"मी नाही येत."

"काऊन?"

"मले नाही जमत बाबा. जन्मभर लोकायच्या तोंडात पाहीन अन् तुमच्यावर चिडत राहीन."

"अन् गावाले का सांगू? चौकात फ्लेक्स लागेल हाय!"

"मंग फ्लेक्सलेच पाठवा कॉलेजात!"

बाबांनी फाइल खाटेवर टाकली. मोटरसायकल परत आत लावली. त्यानंतर ते माझ्याशी बोलेनात. शाळेत जायलाही चौक टाळून मागच्या रस्त्यानं जाऊ लागले. मला त्यांचा राग येत होता, काकाचा येत होता, आणि रात्री पुस्तक उघडलं की भीतीही वाटत होती. पुन्हा हुकलं तर? फ्लेक्सवरची मी मात्र हसतच होते.

सोयाबीन निघालं. गोठ्यामागे कुटाराचा, म्हणजे गुरांना घालायच्या भुशाचा, ढीग पडला आणि एका दुपारी आभाळ भरून आलं. बाबा शिडी घेऊन बाहेर पडले. मला वाटलं, कोणाकडून ताडपत्री आणायला गेले. परतले तर खांद्यावर माझा फ्लेक्स! भर दुपारी, सगळ्या चौकादेखत स्वतः चढून काढला होता.

"धर तिकून," इतकंच म्हणाले.

आम्ही दोघांनी तो कुटारावर ओढला. वाऱ्यानं कोपरा उडत होता आणि कोटातली मी सारखी वर येत होते.

"फाडून टाका बाबा ते," मी चिडून म्हटलं. "दाताच्या डॉक्टरले स्टेथोस्कोप लावून ठेवला येड्यासारखा!"

बाबांनी कोपऱ्यावर दगड ठेवला, हात झटकले आणि कालवडीकडे पाहिलं.

"राहू दे," ते म्हणाले. "दातवाल्याले लागत नसन. ढोरायच्या डॉक्टरीनीले लागते ते नळी."