टाकी आली पाहिजे

"सरका मागं. आणखी मागं. टाकी आली पाहिजे!"

आमच्या गावात लग्न झालेल्या प्रत्येकाने ही आरोळी मुंडावळ्या बांधलेल्या असताना ऐकली आहे. मीही ऐकली. नगर-मनमाड लाईनीवरचं आमचं छोटं स्टेशन, तिथे उंच दगडी चौथऱ्यावर एक लोखंडी टाकी. कोळशाच्या इंजिनांना ती पाणी पाजायची. इंजिनं गेली, टाकी कोरडी पडली आणि आमचे फोटोवाले मामा तिच्या प्रेमात पडले. अक्षता पडल्या की ते नवरा-नवरीला तिच्यापुढे नेऊन उभं करत. फोटोत टाकी पार झाकणापर्यंत यायची आणि खाली जोडपं, मुंगळ्यांएवढं. माझ्या फोटोत बायको कोणती नि करवली कोणती, हे मी अजून शालूच्या रंगावरून ओळखतो. हे घरी सांगू नका.

"मामा, आमची तोंडं कुठायत?" मी विचारलं होतं.

"तोंडं घरी रोज बघायचीच हायेत की, भाच्या!"

त्यांची एकुलती लेक नांदेडकडे दिलेली. एकदा चहा पिता पिता म्हणाले, "पिवळा बोर्ड काय, समद्याच स्टेशनाला असतो. माझी पोरगी गाडीतनं टाकी दिसली की पिशव्या गोळा करती."

मग दुसरा रूळ टाकायचं काम निघालं आणि एका सकाळी टाकीच्या दगडावर चुन्याची फुली दिसली. पाडायची खूण. त्याच आठवड्यातल्या लग्नात मामांनी नवरा-नवरीचे चेहरे जवळून, मोठे, स्वच्छ काढले. मांडव हादरला. म्हातारे कुजबुजले, "मामा आजारी हायेत का काय?"

गावाकडे तोडगा तयार होता. "शेंदूर फासा मामा. देवाला कोण हात लावतंय?"

"न्हाई," मामा म्हणाले. "देव झाला की लोक चपला काढून लांबनं पाया पडतील. मग नवरा-नवरी टेकून कुठं उभी राहतील?"

त्याऐवजी मामा घरोघर फिरले आणि लग्नाचे फोटो मागून आणले. रेल्वेचे साहेब मोजमापाला यायच्या दिवशी त्यांनी टाकीभोवती दोऱ्या बांधल्या आणि कपडे वाळत घालावेत तसे चिमटे लावून सगळे फोटो टांगले. तुम्ही ते बघायला हवं होतं! बेलबॉटम, सफारी, कोट, जीन्स. माणसं बदलत गेलेली, टाकी तीच. बायकांना आपापली लग्नं सापडली. "अगं बया, किती बारीक हुते मी!" हेल्मेटवाले साहेब टेप हातात धरून एकेक फोटो बघत फिरले. एका सासूबाईंनी त्यांनाच विचारलं, "तुमचं लगीन झालंय का? मंडळींना घेऊन या. मामा काढत्याल."

साहेब हसले. म्हणाले, "रूळ तसा बाजूनेच जातोय. वर विचारून बघतो."

काही महिन्यांनी फुलीवरून रंग फिरला. टाकी राहिली. वर काय ठरलं, कशामुळे ठरलं, देव जाणे. मामांना विचाराल तर फोटोंमुळेच.

त्या आनंदात मी मोबाईल काढला. "मामा, टाकीबरोबर तुमचा एकही फोटो नाही. उभे राहा."

राहिले. आणि लगेच हात हलवत ओरडायला लागले, "मागं सर! आणखी मागं!" मी सरत सरत कुंपणाला टेकलो. तरी त्यांना वाटलं, आपल्यामुळे दगडी चौथरा झाकला जातोय. ते बाजूला सरकले आणि मी नेमकं तेव्हाच बटण दाबलं.

"मामा, अर्धेच आलात."

"ऱ्हाऊ दे. टाकी आली ना?"

या हिवाळ्यात मामा गेले. गावभराचे फोटो काढणाऱ्या माणसाच्या घरात त्याचा स्वतःचा धड एक फोटो सापडेना. शेवटी मी काढलेला तोच मोठा करून खुर्चीत ठेवला. एक कान, अर्धी मिशी, हलणारा हात आणि बाकी सगळी टाकी. भावकी कुरकुरली, हार घालायचा कुणाला?

मनमाडला गाडी बदलून लेक आली. दारातच पिशव्या खाली ठेवल्या. फोटोला हार घातला आणि काचेवरून, टाकीवरून, हात फिरवला.

"दिसली, आप्पा," ती म्हणाली. "लांबनंच दिसली."