अर्जदार हौसेखातर शिकत आहे

आमच्या घरात पैसे भरायचे म्हणजे आधी हरकत घ्यायची. आमचे हे सरकारी लेखापरीक्षणात होते. नोकरी संपली, पण सवय काही सुटली नाही. विजेचं बिल आलं की मागची बिलं काढून ताडून बघणार. बेगम बाजारात वर्षाची हळद-तिखट भरायला गेलो, तर दुकानदार यांना पाहूनच बेरीज दोनदा करतो. मी या सगळ्याला हसत आले आहे, आणि त्यामुळे आमचे बरेच पैसे वाचले हेही कबूल करते.

तेव्हा मुलगी लग्न होऊन पुण्याला गेल्यावर, वयाच्या चोपन्नाव्या वर्षी, मी विद्यापीठात एम. ए.साठी नाव घातलं, तर त्या कागदांचा ताबा यांच्याकडे जाणार हे ठरलेलंच होतं. विषय इतिहास. अभ्यासक्रमाची फी यांनी मुकाट भरली. अडले ते त्याखालच्या ओळीशी. ‘विद्यार्थी सेवा शुल्क’ असं तिथे निराळं लिहिलं होतं आणि त्यात ग्रंथालय, दवाखाना, व्यायामशाळा, मैदान, इंटरनेट असं सगळं एकत्र कोंबलं होतं.

“अगं, तू व्यायामशाळेत जाणार आहेस का?” यांनी चष्म्यावरून विचारलं.

“बघू की. जाईनही.”

“आणि मैदानावर? कबड्डी खेळणार?”

“तुम्ही पंच म्हणून आलात तर खेळेन.”

हे हसले नाहीत. नियमावलीची सगळी पानं वाचून यांनी एक कलम शोधून काढलं. नियमित न येणाऱ्या विद्यार्थ्याला हे शुल्क पुढे ढकलता येतं, सेवा वापरायला लागल्यावर भरलं तरी चालतं. यांचा चेहरा असा खुलला की लग्नातसुद्धा तो तसा खुललेला मला आठवत नाही. दुपारभर बसून इंग्रजीत अर्ज लिहिला, संदर्भ, विषय, महोदय, सगळं जागच्या जागी. जिथे सही करायची तिथे पेन्सिलीने फुली मारली. आमच्याकडे ही रीतच आहे. बँक असो, पासपोर्ट असो, घराचे कागद असोत, हे लिहितात आणि मी फुलीवर सही करते. अर्ज मंजूर झाला, आणि त्या आठवड्यात यांनी चिक्कडपल्लीहून स्वतः होऊन मिठाई आणली.

मी कॉलेजला जाऊ लागले आणि मला ते फार आवडलं, हे सरळच सांगते. सकाळी स्वयंपाक उरकून काचीगुड्याहून बस पकडायची, पहिल्या बाकावर बसायचं, प्राध्यापक चुकले तर हात वर करायचा. वर्गातली पोरं आधी बिचकली, मग माझ्या टिपणांच्या झेरॉक्स काढू लागली. ग्रंथालयात माझ्याकडे कार्ड मागायचं कुणाला सुचलंच नाही. दारावरचा शिपाई माझे पांढरे केस पाहून “नमस्ते मॅडम” म्हणायचा आणि फाटक उघडून धरायचा. त्याला मी प्राध्यापिका वाटत असणार. मीही त्याचा गैरसमज दूर करायला गेले नाही. घरी न्यायची पुस्तकं शेजारी बसणाऱ्या मुलीच्या कार्डावर काढायची. माझं कार्ड चालतं की नाही, हे बघायची वेळच आली नाही.

वेळ आली ती सहामाही परीक्षेचा फॉर्म भरताना. वर्गातल्या सगळ्यांचा फॉर्म मोबाइलवर उघडला, माझा उघडेना. त्या दिवशी चार वाजता मुदत संपत होती. तास संपल्यावर मी परीक्षा विभागाच्या खिडकीशी गेले. आत माझ्या लेकीहूनही लहान अशी एक मुलगी होती. तिने संगणकात पाहिलं आणि मान हलवली.

“मॅडम, आप तो डेफर्ड में हैं. सर्विस फीस नहीं भरे ना? स्टेटस अ‍ॅक्टिव्ह नहीं है, तो फॉर्म कैसा खुलेगा?”

“मग आत्ता भरते की. सांग किती ते.”

पण नुसतं भरून चालत नव्हतं. आधीचा अर्ज मी लेखी मागे घ्यायला हवा होता, साहेबांनी तो मंजूर करायला हवा होता, आणि मग कुठे पैसे घेतले जाणार होते. अर्ज नेमका कोणत्या कारणावर मंजूर झाला होता, ते बघायला तिने फाइल काढली आणि इंग्रजीतून वाचून दाखवलं. मराठीत सांगायचं तर मजकूर असा होता: अर्जदार ही गृहिणी असून केवळ हौसेखातर शिकत आहे. तिची नियमित उपस्थिती व परीक्षेस बसणे संभवत नाही.

खाली माझी सही. वळणदार, ठसठशीत.

माझ्या कानशिलात आग पेटली. चार महिने मी एक तास चुकवला नव्हता. घरी पाहुणे असताना गेले होते, ताप अंगात घेऊन गेले होते. आणि माझ्याच नावाने, माझ्याच सहीने, विद्यापीठाच्या दप्तरात असं लिहून ठेवलेलं होतं की ही बाई परीक्षेला बसायची नाही! परीक्षा चुकली असती तर सगळं सत्र वाया. पण त्या घटकेला मला सत्राहून त्या वाक्याचा जास्त राग आला होता.

मी यांना फोन लावला. काय झालं ते ऐकून यांचा आवाज एकदम ऑफिसातला झाला.

“तू थांब. घाईघाईत काही लिहून देऊ नकोस. मी मसुदा करून घेऊन येतो.”

“चार वाजता खिडकी बंद होते.”

“म्हणूनच सांगतो. चुकीचं काही लिहिलंस तर परत फेटाळतील. मी निघालोच.”

मी फोन पर्समध्ये टाकला आणि खिडकीवरच्या मुलीकडे कोरा कागद मागितला. माझं इंग्रजी यांच्यासारखं नाही. पण मला जे म्हणायचं होतं त्याला फार इंग्रजी लागणारही नव्हतं. मी लिहिलं: मी रोज येते. मला परीक्षा द्यायची आहे. शुल्क भरून घ्यावे. सही केली. यावेळी फुली कुठे मारायची हे मीच ठरवलं, म्हणजे मारलीच नाही.

“बस, इतनाच?” मुलीने विचारलं.

“हौ, इतनाच.”

तिने कागद आत नेला. साहेब जेवायला गेले होते. ते येईपर्यंत मी तिथल्या बाकावर बसले नाही, खिडकीपुढून हललेच नाही. मागे उभ्या असलेल्या एका मुलाने “आंटी, जरा साइड” म्हटलं, त्याला मी “नक्को” एवढंच म्हटलं आणि तो गप्प झाला. साहेब आले, कागदावर नजर टाकली, एकही प्रश्न न विचारता सही केली. मी माझ्या खात्यातून पैसे भरले, कबड्डीसकट सगळ्याचे. फॉर्म उघडला. तो भरून पाठवला आणि मगच पाणी प्यायले.

बाहेर आले तर हे पायऱ्यांपाशी स्कूटर लावत होते. धापा टाकत, खिशात घडी घातलेला मसुदा.

“झालं,” मी म्हटलं. “भरले. फॉर्मही गेला.”

“अर्जात काय लिहिलंस?”

“ते राहू द्या. तुम्ही काय लिहिलं होतंत ते सांगा.”

यांना कळलं. हे हेल्मेटचा पट्टा चाचपू लागले. “अगं, ते कलमात बसवायला लिहावं लागतं. भाषाच तशी असते.”

“अहो, भाषा सोडा. तुम्हांला तसं वाटत होतं का?”

या माणसात एक गोष्ट चांगली आहे. थेट विचारलं तर खोटं बोलता येत नाही.

“मला वाटलं, दिवाळीपर्यंत सोडशील,” हे म्हणाले. “मग एवढे पैसे फुकट कशाला घालवायचे.”

मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. इतक्या वर्षांत माझ्या खर्चावर यांनी घेतलेल्या हरकती मी हसण्यावारी नेल्या होत्या, पण ही हरकत खर्चावर नव्हती, ती माझ्यावरच होती.

“सोडायची सवय मला असती ना,” मी म्हटलं, “तर तीस वर्षांत पुष्कळ काही सोडून झालं असतं.”

यांनी हेल्मेट या हातातून त्या हातात घेतलं. विद्यार्थी आमच्या दोन्ही बाजूंनी पायऱ्या चढत होते, उतरत होते. मग यांनी घसा साफ केला.

“परीक्षा कधी आहे तुझी?” यांनी विचारलं.

मी तारीख सांगितली. चार महिन्यांत मला यांनी हे पहिल्यांदाच विचारलं होतं.