बारावा खड्डा

रतनबाईला एखादी गोष्ट करू नको म्हटलं, की ती झालीच म्हणून समजा. नवी नवरी असताना सासऱ्यानं नर्सरीत कामाला जायचं नाही असं बजावलं, तर तिसऱ्या दिवशी ती डबा बांधून वारूळवाडीच्या वाटेला लागली आणि पुढे नऊ वर्षं गुलाबाच्या खुंटांवर कलमाचे डोळे भरत राहिली. मेंढरांमागे हिंडणाऱ्या घराण्यात झाडांच्या नादाला लागलेली ती पहिलीच. आता साठीला टेकली होती, मेंढरं विकून दहा वर्षं झाली होती, पिंपळवंडीच्या शिवारात उसाच्या कडेला पत्र्याचं घर होतं, पण हट्ट तसाच होता. तो मात्र तिनं कुणाला विकला नाही.

घराभोवती जाळी आली ती उन्हाळ्यात. ओढ्यापलीकडच्या वस्तीवरून बिबट्यानं भरदिवसा एक लेकरू उचललं. पाच वर्षांचं. रतनबाईची नात आरोही, तीही पाचच वर्षांची. हा हिशोब घरात कुणी बोलून दाखवला नाही, पण रतनबाईच्या मुलानं, गोरक्षनं, टोमॅटोची पिकअप आठ दिवस दारात उभी केली आणि घर, गोठा, न्हाणी, कडब्याचं छप्पर असं सगळं जाळीच्या आत घेतलं. सहा फूट उंच जाळी, वर काटेरी तारेच्या तीन ओळी, खालून वीतभर मातीत गाडलेली. सून निर्मला त्या दिवसापासून जरा झोपायला लागली.

रतनबाईला मात्र ती जाळी डोळ्यांसमोर नको झाली. "आपून काय कोंबड्या हाय का खुराड्यात बसायला?" असं ती रोज एकदा तरी म्हणायची. शेवटी तिनं ठरवलं की ही जाळी झाकून टाकायची. पाऊस सरला, हस्ताच्या सरी पडून गेल्या, जमिनीत ओल होती आणि उन्हाला अजून धार आली नव्हती. गुलाब लावायचा तो असाच, दसरा-दिवाळीच्या मधे. तिनं जुन्या नर्सरीतून वेलगुलाबाची बारा रोपं आणली. लाल फुलांची, बोटभर काट्यांची. "फूल बी व्हईल आन् काटा बी," ती निर्मलाला म्हणाली. "वाघाची काय टाप हाय आत यायची."

इथवर तिचं काही चुकलं नव्हतं. चुकलं ते खतात.

नर्सरीत सावळेराम म्हणून एक जुना माळी होता. तो म्हणायचा, गुलाब देवाला वाहतात, पण तो खातो मांस. दीड हात खोल खड्डा घ्यायचा, तळाला कोंबडीची घाण टाकायची, आतडी, पिसं, पाय, काय असेल ते. वर माती, मग लेंडीखत, मग रोप. पुढच्या वर्षी वेल आवरत नाही. रतनबाईनं हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. आणि हेही तिला ठाऊक होतं, की भाद्रपदात वनखात्याची माणसं शाळेच्या पटांगणात येऊन घसा कोरडा करून सांगून गेली होती: कोंबडीची घाण उघड्यावर टाकू नका. घाणीला कुत्री येतात, आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो. त्या सभेत रतनबाई पहिल्या रांगेत बसून मान डोलवत होती. घरी येताना तिनं स्वतःशी निवाडा करून टाकला. उघड्यावर टाकू नका म्हणाले, पुरू नका असं कुठं म्हणाले?

तरी तिनं घरात कुणाला सांगितलं नाही. मनात खोट नसती, तर सांगितलं असतं. आळेफाट्यावरच्या एका चिकनच्या दुकानातून रंगाच्या रिकाम्या, झाकणाच्या डब्यात ती घाण घेऊन यायची. जीपमधल्या बायांनी नाकाला पदर लावला, तर "झाडाचं औषध हाय" म्हणून मोकळी. दुपारी निर्मला कांद्याच्या रोपात गेली की ही पहार घेऊन खड्ड्यावर. अकरा खड्डे तिनं नियमात घेतले. बारावा न्हाणीमागच्या कोपऱ्यात होता. तिथं खाली नुसता मुरूम. पहार मारली की हाताला झिणझिण्या यायच्या. दिवस कलायला आला होता, निर्मलाची परत यायची वेळ झाली होती आणि डब्यात अर्धी घाण शिल्लक होती. खड्डा जेमतेम दोन विती झाला होता. रतनबाईनं डबा त्यात उपडा केला, माती लोटली, रोप रोवलं आणि हात धुऊन चहा टाकायला गेली.

चार दिवस गेले. पाचव्या दिवशी सकाळी जाळीबाहेर एक पिवळं कुत्रं बसलेलं दिसलं. सहाव्या दिवशी तीन. आठवडा भरला तेव्हा सात कुत्री न्हाणीमागच्या कोपऱ्याबाहेर बसून होती. भुंकत नव्हती, भांडत नव्हती, नुसती जाळीकडं तोंड करून बसायची.

"आई, ही कुत्री का जमल्यात?" गोरक्षनं विचारलं.

"दिवसच हायेत त्यांचं."

"भादवा कवाच सरला की."

"मग त्यांना कॅलेंडर दे न्हेऊन," रतनबाई म्हणाली, आणि विषय तिथंच मिटला.

पण रोज सकाळी ती सगळ्यांच्या आधी उठून कोपऱ्यात जायची. कुत्र्यांनी बाहेरून माती उकरलेली असायची. ती माती लोटायची, पायानं दाबायची, कुत्र्यांना दगड मारायची. एका ठिकाणी जाळीची खालची कड उघडी पडली होती, तिथं तिनं घमेलंभर माती ओतली. रात्री कुत्री ती पुन्हा उकरायची. एकदा मनात आलं की गोरक्षला सांगावं, खड्डा उपसून घाण लांब नेऊन टाकावी. पण मग सांगावं लागणार होतं की सभेत पुढे बसून मान डोलवणाऱ्या बाईनं काय करून ठेवलंय. तिनं मूग गिळले.

आणि मग कुत्री कमी झाली. सातांची पाच झाली, पाचांची तीन. रतनबाईला हायसं वाटलं, रोज सकाळी कोपऱ्यात जायचंही तिनं सोडलं. घाण कुजून गेली असेल, वास मोडला असेल, दगडांचा धाक बसला असेल. रोपांना कोवळे तांबूस फुटवे आले होते. तिनं बाराही रोपांना पोटभर पाणी घातलं.

त्याच सुमारास तिचा धाकटा दीर राघू मेंढरं घेऊन शिवारात आला होता. भावकीतला तो एकटाच अजून कळप राखून होता. शेजारच्या रानात त्याची मेंढरं खतासाठी बसवली होती. तो दुपारी चहाला आला, ओट्यावर बसला. चार घोट घेऊन म्हणाला, "वहिनी, परवा तुमच्या जाळीबाहेर पाच कुत्री मोजली मी. काल तीन. आज एकच हाय."

मोजायची त्याला खोडच होती. दिसेल ते जनावर तो मोजायचा.

"दगडं मारून हाकलली मी," रतनबाई म्हणाली.

राघू हसला नाही. "कुत्रं दगडाला भिऊन घटकाभर जातं. कायमचं न्हाई जात. कायमचं कशानं जातं, तुमाला काय सांगाया पायजे का?" कप खाली ठेवून तो उठला. "मेंढरांना पाणी दावून येतो मागारी. मग बघू जरा चौफेर."

तो गेला तशी निर्मला आतून म्हणाली, "आत्याबाई, म्हशीनं आज सकाळी पान्हा चोरला. सारखी फुरफुर करीत व्हती. तुमी बघा बरं तिला काय झालंय."

रतनबाईनं ऐकलं, पण ती गोठ्याकडं गेली नाही. ती न्हाणीमागे गेली. बारावं रोप आडवं पडलं होतं. जाळीची कड वर दुमडली गेली होती आणि तिच्याखाली भलं मोठं भगदाड होतं, आरपार. आतल्या बाजूला, तिनंच पाणी घालून ओल्या केलेल्या मातीत, एक पाऊल उमटलं होतं. चार बोटं, मागे गादी, नखांची खूण नाही. तिच्या तळव्याएवढं.

धनगराच्या बाईला त्या पावलाचं नाव कुणी सांगावं लागत नाही. खरं तर तिनं तिथूनच ओरडायला हवं होतं. पण माणूस कसं असतं बघा, जीव घाबरला तरी आधी लाज सांभाळतं. तिनं इकडंतिकडं पाहिलं, आणि कुणी यायच्या आत गोठ्यामागचे दगड वाहून आणले. भगदाडात एकावर एक ठोकून बसवले, जाळी खाली ओढून तारेनं आवळली, त्यावर माती चोपली. शेवटी फावड्यानं ते पाऊल पुसून टाकलं. आता कुत्र्यालाच काय, मुंगसालाही आत यायला वाट नव्हती. तिनं हात धुतले.

उन्हं उतरायला राघू परत आला. त्याच्याबरोबर त्याचं काळं कुत्रं होतं, लांडग्याच्या अंगावर जाणारं. ते फाटकापर्यंत आलं आणि थांबलं. मानेवरचे केस उभे राहिले, शेपूट पोटाखाली गेलं. राघूनं दोनदा हाक मारली, ते एक पाऊल आत टाकेना.

राघूनं कुत्र्याकडं पाहिलं, मग रतनबाईकडं. "वहिनी, काय झालंय?"

मग मात्र तिला राहवलं नाही. कोंबडीची घाण, उथळ खड्डा, भगदाड, पाऊल, सगळं तिनं एका दमात सांगून टाकलं. "बुजीवलं मी आता. घट बुजीवलं."

"पावलाची बोटं कुणीकडं व्हती?"

"घराकडं."

"आन् बाहेर जाणारं पाऊल?"

बाहेर जाणारं पाऊल तिनं पाहिलंच नव्हतं. ते नव्हतंच.

"अगं, कोंडलंस तू त्याला," राघू पुटपुटला. वहिनीला त्यानं आयुष्यात पहिल्यांदा अगंतुगं केलं.

तेवढ्यात निर्मला पीठ लागलेल्या हातानं दारात आली. "आरोही कुठंय? तुमच्यामागंच व्हती ना?"

कडब्याच्या छपरातून आरोहीचा आवाज आला. ती बाहुलीला रागावत होती.

राघू कोपऱ्याकडं धावला, दगड उपसायला. रतनबाई छपराकडं निघाली. धावली नाही. सासूनं तिला रानात शिकवलं होतं, वाघापुढं वाकायचं नाही, पळायचं नाही, पाठ दावायची नाही. वीस पावलं होती. आरोही छपराच्या तोंडाशी मातीवर फतकल मारून बसली होती, पुढ्यात भातुकली मांडलेली. तिच्यामागे चार हातांवर कडब्याच्या पेंढ्या रचलेल्या, आणि पेंढ्यांमागून शेपटीचं टोक बाहेर आलेलं. ते हललं.

उचलून घ्यायचं तर वाकावं लागणार होतं.

"आरू," रतनबाई म्हणाली. आवाज साधा ठेवायला तिला सगळा जीव गोळा करावा लागला. "ऊठ बरं. किती उंच झालीस दाव आजीला."

"थांब ना. भाकरी करपंल."

"करपू दे. हात वर कर. आकाशाला हात लागतोय का बघू."

आरोही वैतागून उठली आणि तिनं हात वर केले. रतनबाईनं न वाकता तिची मनगटं धरली, खेचून खांद्यावर घेतलं, आणि त्या शेपटीवरची नजर न काढता मागे मागे येत राहिली. पेंढ्यांत काहीतरी सरकलं. दोन पिवळे डोळे तिच्याकडं बघत होते. आरोही खांद्यावरून म्हणाली, "आजी, तू उलटी का चालतीस?" आणि हसायला लागली.

दार लागलं, कडी लागली. राघू दगड उपसून रक्ताळलेल्या हातांनी मागच्या दारानं आत आला. चौघं खिडकीच्या फटीशी उभी राहिली. बऱ्याच वेळानं बिबट्या बाहेर आला. कसलीच घाई नव्हती त्याला. अंगण ओलांडून, भातुकलीवरून पाय टाकत, तो न्हाणीमागे गेला. रोजची वाट असावी तसा. मग बाहेरच्या उसाचं पातं तेवढं हललं.

रतनबाईनं तेव्हाच, त्या खिडकीपाशी, सुनेला सगळं सांगितलं. निर्मला रडली नाही की भांडली नाही. तिनं आरोहीला सासूच्या कडेवरून घेतलं आणि आतल्या खोलीत गेली.

दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन परतलेल्या गोरक्षला पेंढ्यांमागे अर्धं खाल्लेलं पिवळं कुत्रं सापडलं. रतनबाईनं बाराही रोपं उपटली, खड्डे दीड हातापर्यंत उपसले आणि ती घाण पोत्यांत भरून गाडीतून लांब पाठवली. कुणी मदतीला आलं नाही, तिनं बोलावलंही नाही. वनखात्यानं उसाच्या बांधावर पिंजरा लावला. त्याला आता महिना होईल. पिंजरा रिकामाच आहे.

घरात तिला कुणी वावगा शब्द बोलत नाही. ताट वेळेवर येतं, निर्मला आधीसारखीच आत्याबाई म्हणते. पूर्वी दिवेलागणीला म्हशीची धार काढायला जाताना ती आरोहीला रतनबाईच्या मांडीवर ठेवून जायची. आता एका हातात चरवी, दुसऱ्या हातात पोरीचं मनगट धरून ती अंधारत्या गोठ्याकडं निघते. "अगं, थंडी हाय, ठेव तिला माझ्यापाशी," रतनबाई परवा म्हणाली. निर्मलानं वळून एकवार उसाकडं पाहिलं, एकवार सासूकडं, आणि पोरीला आणखी जवळ ओढून गोठ्यात गेली.