राजवाडा कोणी जाळला

साठच्या दशकात मी कुवेतला शुवैखच्या एका वर्कशॉपमध्ये स्टोअरकीपर होतो. आमच्या इंग्रज साहेबाला दोनच शौक. एक, आमच्या अर्जांवर बसून राहणं आणि दुसरा, रजेत मायदेशी जाऊन जुन्या अवशेषांसाठी जमीन उकरणं. बायकोला कुवेतला आणण्याचा माझा अर्ज दोन वर्षं त्याच्या टेबलावर धूळ खात पडला होता. त्याच्या सहीशिवाय व्हिसा मिळत नव्हता.

मला ट्रेनिंगसाठी विलायतेला पाठवलं, तेव्हा साहेब रजेवर तिथेच होता. म्हणाला, "रविवारी तुला आमच्या जुन्या राजाचा राजवाडा दाखवतो." अँग्लो-सॅक्सन राजाचा, तेराशे वर्षांपूर्वीचा! मी होता तो एकुलता एक सूट चढवला, बूट चमकवले. राजाकडे जायचं म्हणजे काय थट्टा आहे?

पोचलो तर शेत. चिखल, दोन मेंढ्या आणि जमिनीत खड्ड्यांच्या रांगा. राजवाडा लाकडी होता, तो कधीच नाहीसा झाला होता. उरले होते फक्त खांबांचे खड्डे. ज्यांनी आम्हाला अडाणी ठरवलं, त्यांचा राजा आमच्या गावच्या खोतापेक्षा काही बऱ्या घरात राहत नव्हता, याचा मला मनापासून आनंद झाला. तो मी चेहऱ्यावर दिसू दिला नाही.

साहेबाने खड्ड्यातली काळी माती दाखवली. "बघ, शत्रूने जाळला. दहा वर्षं सांगतोय, कोणी ऐकत नाही. तू सुताराचा मुलगा ना? तुला काय वाटतं?"

मी वाकून पाहिलं. काळं होतं ते फक्त खड्ड्यांत; आजूबाजूच्या जमिनीला आगीचा डागही नव्हता. माझा बाप रत्नागिरीकडे जन्मभर घरं उभारत आला. खांब पुरण्याआधी त्याचं खालचं टोक तो जाळावर काळं करून घ्यायचा, म्हणजे ओल आणि वाळवी लागत नाही. हे काम शत्रूचं नव्हतंच, कुणा शहाण्या सुताराचं होतं. साहेब माझ्या तोंडाकडे बघत होता. मला त्याच्या टेबलावरचा अर्ज दिसत होता.

"शत्रूच, साहेब," मी म्हणालो. "दुसरं काय असणार?"

कुवेतला परतल्यावर आठवड्यात सही झाली आणि बायको बोटीने आली. पुढे साहेबाचा लेख छापून आला. सुताराच्या घराण्यातल्या एका पौर्वात्य जाणकाराने पहिल्याच नजरेत शत्रूची आग ओळखली, असं त्यात लिहिलं होतं. मी बायकोला सगळा किस्सा रंगवून सांगितला. सांगताना हसत होतो, पण आतून लाज वाटत होती.

ती तांदूळ निवडत होती. वर न बघता म्हणाली, "राजा त्यांचा. जळला काय नि कुजला काय. पन बापसाचं काम तुमी दुश्मनाच्या नावावर घातलंत ना?"

बाप तेव्हा हयात होता. आम्ही दोघांनी मिळून त्याला पत्र लिहिलं, की विलायतेच्या राजाच्या सुतारानेही खांब तुझ्यासारखेच जाळावर काळे करून पुरले होते. लेखाचं त्यात काही लिहिलं नाही.