भेगेवरची काच

रस्तेखात्यातले ओव्हरसियर अण्णा गेली वीस वर्षं दरवर्षी त्याच पुलाखाली उतरायचे. खांबाच्या भेगेवर काचेची पट्टी चिकटवलेली होती. भेग वाढली की काच तडकणार, इतकी साधी गोष्ट. अण्णा वाकून बघत आणि वहीत लिहीत, ‘काच शाबूत.’ घरी छातीठोकपणे सांगत, "त्या पुलावरून डोळे मिटून जा!"

निवृत्तीआधीच्या शेवटच्या पाहणीला त्यांनी मुकादमाची पाठ थोपटली. "काच काय लख्ख ठेवलीयस रे!"

मुकादम लाजला. "साहेब, तुम्ही यायच्या आदल्या दिवशी दरवर्षी नवी लावतो. तडकलेली काच पाहणीला बरी दिसत नाही."

अण्णा पुन्हा काचेवर वाकले. वरून भरलेली बस धडधडत गेली, आणि कालच लावलेली काच त्यांच्या नाकासमोर तडकली.